रंगाच्या कंपनीचे अकरा जण

सूनबाईला नवा फ्लॅट बघायचा होता म्हणून मीही गाडीत बसले. सीवूड्सच्या मागच्या अंगाला, खाडीकडे तोंड करून उभी राहिलेली बिल्डिंग. चौदाव्या मजल्यावरच्या त्या कोऱ्या गॅलरीत आम्हाला नेऊन विक्रीच्या मुलाने हात पसरले. "मॅडम, हा व्ह्यू परमनंट आहे. समोर काही येणार नाही."

खालून वारा आला. खारट, थोडा कुजकट, थोडा गोडसर. तिवरांच्या मुळांत दिवसभर तापलेल्या चिखलाचा तो वास. माझे गुडघे एरवी जिन्याला कुरकुरतात, पण त्या वासासरशी मी कठड्यापर्यंत चालत कशी गेले ते कळलंच नाही. डावीकडे पारसिकच्या डोंगराची रेघ तशीच होती. उजवीकडे खाडीचं वळण तसंच होतं, विळ्यासारखं. मी मनातल्या मनात मापं घेतली. वळण तिथे, डोंगराचं टोक तिथे, म्हणजे खालचा पोहण्याचा तलाव आहे ना, तिथेच आपला उजवा गोल होता.

"आई, काय बघताय एवढं?" सूनबाईने विचारलं.

"मैदान," मी म्हटलं. तिला वाटलं, मी मुलांना खेळायला जागा आहे का ते विचारतेय. तो विक्रीचा मुलगा लगेच सांगायला लागला की आठव्या मजल्यावर हिरवळ टाकलेली आहे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही गिरगावातलं बिऱ्हाड मोडून वाशीच्या नव्या वसाहतीत राहायला आलो होतो. भिंतींना चुन्याचा ओला वास होता, नळाला पाणी कधी यायचं कधी नाही, आणि रात्री कोल्हे ओरडायचे. मी बावीस वर्षांची होते. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगाच्या कंपनीत मला टायपिस्टची नोकरी लागली. कपड्यांना लागणारे रंग बनवायची ती कंपनी. गेटातून आत शिरलं की आधी नाकात आंबट वाफ जायची, मग डोळ्यांत पाणी यायचं, आणि मग रंग दिसायला लागायचे. नळ्यांवर, भिंतींवर, डबक्यांत. माणसांवरसुद्धा. तिथे माणसाच्या हातावरून त्याचं खातं ओळखता यायचं. निळ्या तळव्यांचे, पिवळ्या नखांचे, शेंदरी कोपरांचे. केरोसिनने कितीही घासलं तरी रंग आठवडाभर उतरायचा नाही. रविवारी जरा उतरला असं वाटावं, तोवर सोमवार यायचा.

या कंपनीची एक फुटबॉल टीम होती. चांगली पगारी टीम. मुंबईच्या लीगमध्ये दुसऱ्या डिव्हिजनला खेळायची. खेळाडू म्हणून मुलांना कामावर घ्यायचे, सकाळी खात्यात राबवायचे आणि दुपारी तीननंतर ट्रकमध्ये बसवून खाजणावरच्या मैदानात सोडायचे. मैदान म्हणजे काय, मिठागराच्या शेजारची कडक झालेली जमीन. दोन बांबू इकडे, दोन तिकडे. आडव्या बांबूऐवजी सुतळी. बॉल सुतळीच्या वरून गेला की खालून, यावर रोज एक भांडण.

टीमचं सगळं बघायचे प्रधान साहेब. ते आमचे कामगार अधिकारी. पन्नाशीचे, बारीक, नाकावर चष्मा, शर्टाच्या खिशात तीन पेनं. फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता, पण मॅचच्या दिवशी त्यांना जेवण जायचं नाही. एक दिवस त्यांनी मला बोलावलं.

"बाई, आपल्या गृहपत्रिकेत यंदा टीमवर चार पानं द्यायचीत. मुख्य खेळाडूंचा परिचय. तुम्ही लिहा."

"साहेब, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही."

"बरंच आहे. ज्याला कळतं तो फक्त गोल मोजतो."

मी पहिला परिचय लिहिला तो असा: 'श्री. दामोदर कोळी हे आमचे गोलरक्षक असून ते अत्यंत मेहनती व मनमिळाऊ आहेत.' प्रधान साहेबांनी तो वाचला आणि कागदावर आडवी रेघ मारली. "हे तर कॅन्टीनच्या भाऊंबद्दलही खरं आहे. जाऊन बघून या."

म्हणून मी मैदानावर गेले. साडी, छत्री, पायात कोल्हापुरी, हातात शॉर्टहँडची वही. ट्रकच्या मागच्या फळीवर खेळाडूंच्या शेजारी बसून गेले, आणि बॉल जमिनीवर आपटल्याचा तो पहिला आवाज मी ऐकला. ढुब्ब. मिठाने भाजलेल्या जमिनीतून तो तळपायात यायचा. पंधरा मिनिटांत माझी छत्री मिटली होती आणि मी ओरडत होते. काय ओरडत होते ते मलाच माहीत नव्हतं.

दामू कोळी उरणच्या मोऱ्याचा. कोळीवाड्यातला, सहा फुटी, काळाभोर, आणि निळ्या खात्यात असल्यामुळे त्याचे तळवे मोरपिसासारखे. त्याच्याशी बोलणं अवघड होतं. तो बोलायचाच नाही. मी तीन दिवस वही घेऊन त्याच्या गोलामागे उभी राहिले. चौथ्या दिवशी तो वळून म्हणाला, "म्याडम, मना बोलाला येत नाय. तुमी बाकीच्यांचा लिवा."

"बॉल कसा धरायला शिकलात, एवढंच सांगा."

त्याने खाडीकडे बोट केलं. "धक्क्याव बर्फ येतं. लादी वरशी टाकतान, खाली होरीत एक मानूस धरतो. तो मी. लादी सुटली त पाय जातो." मग हातातल्या बॉलकडे बघून हसला. "ह्यो त हलका हाय."

नंतर मी नीट बघितलं. तो बॉल दोन हातांनी पकडायचाच नाही, छातीशी घ्यायचा आणि गुडघ्यात वाकायचा, वरून फार जड काहीतरी आलंय आणि ते मोडू द्यायचं नाहीये, असा. सरावातसुद्धा तो कुणाला गोल देत नसे. ट्रक निघायची वेळ झाली, पोरं म्हणायची, "दाम्या, एक सोड ना, चहा थंड होतोय." तो सोडायचा नाही. चहा थंड व्हायचा.

हसुराम म्हात्रे त्याच गावचा, जिथे ते मैदान होतं. त्याच्या घरच्यांचं मीठ पिकवणं पिढ्यान् पिढ्यांचं. तो पिवळ्या खात्यात होता. खांद्याने अरुंद, पायाने काडी, वय जेमतेम एकवीस. उजव्या कडेने पळायचा. बाहेरच्या चुन्याच्या रेघेवरून असा पळायचा की बॉल रेघेच्या आत आणि हा बरोबर रेघेवर, आणि समोरचा खेळाडू मात्र रेघेबाहेर जाऊन पडलेला. मी विचारलं, हे कसं काय?

"मिटागराचा बांद येवढाच असतो," त्याने दोन वितींचं अंतर दाखवलं. "लानपनी आमी त्याव पलायचो. पाय सुटला का खाऱ्या पान्यात, आन् पायाला जखम असली त मंग बोंब. म्हनून पाय सुटू द्याचा नाय, येवढाच."

हसुरामचं एकच दुखणं होतं. बूट. तो सगळं आयुष्य अनवाणी खेळलेला आणि लीगमध्ये बुटाशिवाय उतरू देत नसत. "बूट घातला का माजा पाय आंधला व्हतो," तो म्हणायचा. पण खरं दुखणं त्याहून मोठं होतं. त्यांची जमीन नव्या शहरासाठी गेली होती. घरात दोन भाऊ रिकामे बसलेले, आणि कंपनीत हा एकटा, तोही टेंपररी. टीममध्ये राहिला तर नोकरी, नाहीतर नाही. म्हणून त्याने चार महिने बूट काढलेच नाहीत. खात्यात बूट, जेवताना बूट, गावच्या गणपतीत नाचताना बूट. त्याची आई एकदा मैदानाच्या कडेला मला म्हणाली, "बाय, रातचा पन घालून निजतो. मी बोलली, आता त्यांचेशीच लगीन लाव."

तिसरा पांडबा निकम, आमचा कॅप्टन. कोल्हापूरचा. पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळत मोठा झालेला. कंपनीने त्याला खास बोलावून पक्की नोकरी दिली होती. रुंद छाती, बसकं नाक, तिशी ओलांडलेली. मधल्या फळीत तो उभा राहायचा आणि सगळा खेळ त्याच्याभोवती फिरायचा. मैदानात शिरताना तो चिमूटभर माती उचलून कपाळाला लावायचा, तालमीतल्यासारखी. इथली माती खारट, कपाळ चुरचुरायचं. पण सोडलं नाही त्याने कधी. मॅचच्या आदल्या दिवशी सगळ्यांना भिजवलेले हरभरे आणि गूळ तोच वाटायचा, आणि कुणी मागे राहिलं की उभ्या मैदानात म्हणायचा, "आरं, पाय उचल की मर्दा. का पाव्हण्याच्या लग्नाला आलायस?"

मी त्याच्याकडे वही घेऊन गेले तेव्हा तो बुटाला तेल लावत होता. "ताई, लिवा काय बी. पर ते माझ्या आईला वाचून दाखवाय पाहिजे. तवा जरा बरं लिवा."

"काय बरं लिहू?"

त्याने बूट खाली ठेवला. "लिवा, पोरगा उपाशी न्हाई म्हणून."

असे ते दिवस. ट्रकच्या फळीला पकडून उभं राहिलं की तोंडावर येणारा रॉकेलचा, मलमाचा आणि घामाचा वास. सराव संपल्यावर किटलीतून आलेला चहा, त्यात मिठाची चव हमखास, कारण पाणी तिथल्याच विहिरीचं. संध्याकाळी मिठाच्या ढिगांवर तांबूस उजेड पडायचा आणि सगळ्या मैदानाला एक रंग चढायचा. टीमचा पोशाख पांढरा होता. ती प्रधान साहेबांची हौस. पण पावसाळ्यातल्या पहिल्याच मॅचला पोरं घामाने आणि पावसाने भिजली, अंगातला रंग बाहेर आला, आणि हाफ टाइमला बघतो तर कुणाची पाठ गुलाबी, कुणाच्या काखा पिवळ्या, दामूचे हातमोजे काढले तर आतून निळं पाणी. समोरच्या टीमचे लोक हसत होते. पांडबा म्हणाला, "हसू देत. धुतल्यावर जायाचा न्हाई असला रंग हाय आपला." त्या मॅचला आम्ही तीन गोल केले.

त्या वर्षी टीम जिंकतच गेली. कंपनीत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषयच नसे. अकाउंटचे भिडे, ज्यांनी कधी कुणाला वर मान करून बघितलं नव्हतं, ते मला जिन्यात अडवून विचारायचे, "काय, हसुरामचा घोटा कसा आहे?" माझे वडील म्हणायचे, "तू तिथे टायपिस्ट आहेस की ट्रेनर?" आणि मी रोज एकेकाचा परिचय लिहीत होते, खोडत होते, परत लिहीत होते.

मग एक दिवस प्रधान साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लोटून घेतलं. मोठ्या साहेबांचं म्हणणं असं होतं की टीम यंदा पहिल्या डिव्हिजनला गेली तर पुढे चालू ठेवू. नाही गेली तर बंद. खेळाडूंच्या नावाखाली घेतलेले आठही टेंपररी कमी करायचे. त्यांना कायम करायची पत्रं टाइप करून ठेवा, सही शेवटच्या मॅचनंतर बघू.

मी आठ पत्रं टाइप केली. दामोदर कोळी. हसुराम म्हात्रे. आणि बाकीचे सहा. एकाही अक्षराची चूक होऊ दिली नाही. ती पत्रं माझ्या खणात होती, आणि खण उघडला की मी आधी ती मोजायचे. मुलांना काही सांगायचं नाही, असं बजावलं होतं. पण त्यांना कळलंच. कंपनीत असल्या गोष्टी वाफेसारख्या पसरतात.

शेवटची मॅच मुंबईत, रविवारी सकाळी साडेआठला. जिंकलो तर वर, बरोबरी झाली तरी नाही. शनिवारी सर्वपित्री अमावास्या होती. दामू घरचा थोरला, वडील नव्हते, पितरांना पान ठेवायला त्याला मोऱ्याला जाणं भाग होतं. "सकालच्या पयल्या लाँचनी भाऊच्या धक्क्याव येतो," असं सांगून तो गेला. आमचा राखीव गोलकीपर महिन्यापूर्वीच नोकरी सोडून आखातात गेला होता. म्हणजे गोलात दामू, नाहीतर कुणीच नाही.

रविवारी कंपनीच्या बसने आम्ही मैदानावर पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते. दामू नव्हता. प्रधान साहेबांच्या ओठांवरचा रंग गेला. "बाई, टॅक्सी करा. धक्क्यावर जा. दिसला की घेऊन या."

भाऊच्या धक्क्यावर मासळीचा बाजार भरात होता. बर्फ, ओल्या टोपल्या, डिझेलचा धूर, पायाखाली खवल्यांचा चिकचिकाट. लाँचच्या तिकिटखिडकीवर मी विचारलं. आतला माणूस तंबाखू मळत म्हणाला, "मोऱ्याची लाँच? ती अजून सुटलीच नाही. अमावास्येची ओहोटी आहे बाई. पाणी पार लांब गेलंय, लाँच गाळात बसली असेल. नऊ वाजतील."

मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. सव्वाआठ वाजले. समोर नुसतं चमचमतं पाणी आणि लांबवर ठिपके. मी देवाला कधी फार मागितलं नव्हतं, पण त्या दिवशी प्रत्येक ठिपक्याला नमस्कार केला. मग एक मासळीची होडी जवळ आली, मशीनची, बोंबलांनी गच्च भरलेली, आणि टोपल्यांच्या ढिगावर एक माणूस उभा. कमरेपर्यंत चिखलाने काळा. वरचा शर्ट पांढरा.

होडी नीट लागायच्या आत त्याने उडी मारली. तिकडे मोऱ्याला कमरेएवढा गाळ तुडवत, भर पाण्यात उभ्या असलेल्या या होडीपर्यंत तो चालत गेला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "पितरांना पान ठेवलं, म्याडम. आता चला."

टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे बघितलं, नाक दाबलं आणि मला विचारलं, "मासे आहेत का?"

"नाही," मी म्हटलं. "गोलकीपर आहे."

त्याने सीटवर वर्तमानपत्र पसरलं आणि अशी गाडी हाकत निघाला की मी डोळे मिटून घेतले.

मैदानावर पोचलो तेव्हा वीस मिनिटांचा खेळ झाला होता. पांडबा गोलात उभा होता. त्याने बारावा भिडू उतरवायला नकार दिला होता. "दामूची जागा भराची न्हाई. त्यो येतोय. तवर दहा खेळू," असं म्हणून त्याने स्वतःच हातमोजे चढवले होते. समोर मुंबईची जुनी, तगडी टीम, पिवळे शर्ट. आम्ही एका गोलाने मागे होतो. यादीत दामूचं नाव पहिलं होतं, माझ्याच हाताने टाइप केलेलं, त्यामुळे रेफरीने त्याला आत घेतलं. पांडबाने हातमोजे काढून त्याच्या छातीवर मारले.  पळत मधल्या फळीत गेला.

पुढचा तासभर मी बसले नाही. दामूच्या पायांवरचा चिखल वाळून पांढरा पडला आणि तो उडी मारेल तसे त्याचे पोपडे उडत होते. त्याने एक बॉल अडवला, दुसरा अडवला, तिसरा तर बोटांच्या टोकांनी ढकलून बाहेर घालवला. लोक टाळ्या वाजवायला लागले, समोरच्या टीमचेसुद्धा. दुसऱ्या हाफमध्ये पांडबाने मधून एक लांब बॉल टाकला. उजव्या कडेला हसुराम. रेघेवरून तो सुटला. एकाला चुकवलं, दुसरा घसरत आला तर बॉल एका बाजूने आणि हा दुसऱ्या बाजूने, आणि मग त्या चार महिने न काढलेल्या बुटाने त्याने असा मारला की जाळी फुगलेली मला आधी दिसली, बॉल नंतर. एक-एक. अकाउंटच्या भिड्यांनी मला मिठीच मारली असती, पण ऐन वेळी त्यांनी प्रधान साहेबांना मारली.

शेवटची पाच मिनिटं आम्ही त्यांच्या गोलासमोर होतो. पांडबाचं डोकं लागून बॉल वर गेला. हसुरामचा मार खांबावर आदळला. त्या खांबाचा आवाज आला, ठण्ण, आणि त्या आवाजातच रेफरीची शिट्टी आली.

बरोबरी. म्हणजे काहीच नाही.

मुलं जिथल्या तिथे बसली. हसुरामने मैदानातच बूट काढले आणि बाजूला ठेवले. त्याचे पाय घोट्याच्या खाली पांढरेफटक होते, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. बस निघाली. वाशीच्या पुलावर वारा आला तेव्हा दामू एवढंच म्हणाला, "मी टायमाव आयलो असतो त पयला गोल झाला नसता." पांडबा म्हणाला, "गप बस. त्यो गोल माझा हाय. तुझ्या नावावर घेऊ नगंस."

सोमवारी सकाळी मी ऑफिसात गेले. खण उघडला. आठ पत्रं तशीच होती.

मोठे साहेब रोज चारला सह्या करायचे. प्रधान साहेब त्यांच्या शेजारी उभं राहून फाइलची पानं उलटायचे, कागद कशाचा ते तोंडाने सांगायचे, आणि साहेब न वाचता सही ठोकायचे. फाइल लावणं माझं काम. त्या दिवशी चौदा रजेचे अर्ज होते, कॅन्टीनची एक नोटीस होती. मी पत्रं हातात घेतली, परत ठेवली. दोनदा. घरी वडील रिटायर झालेले, धाकटा भाऊ कॉलेजात, हे सगळं मला ठाऊक होतं. आणि मग माझ्याच हातांनी ती आठ पत्रं रजेच्या अर्जांच्या मध्ये सरकवली. कुणाला सांगितलं नाही. प्रधान साहेबांनाही नाही.

चार वाजता मी डिक्टेशनची वही घेऊन केबिनमध्ये कोपऱ्यात उभी होते. प्रधान साहेब पानं उलटत होते. "रजा. रजा. रजा." सह्या होत होत्या. "रजा. कॅन्टीन. रजा." पुढचं पान उलटलं आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. क्षणभरच. मला त्या खोलीतल्या पंख्याचा आवाज आजही ऐकू येतो. मी मान खाली घातली नाही, हे मात्र सांगायला हवं.

"रजा," प्रधान साहेब म्हणाले.

सही झाली.

"रजा. रजा. रजा." त्यांचा आवाज अगदी रोजच्यासारखा होता. आठव्यांदा ते "रजा" म्हणाले तेव्हा मोठ्या साहेबांनी पेन थांबवलं. "काय हो प्रधान, एवढी माणसं रजेवर?"

"सीझन संपला ना, साहेब," प्रधान साहेब म्हणाले. "मुलं दमलीत."

बाहेर आल्यावर ते सरळ आपल्या केबिनमध्ये गेले. संध्याकाळी माझ्या टेबलाजवळून जाताना फक्त थांबले आणि म्हणाले, "बाई, आज टायपिंग चांगलं झालंय." नंतर कित्येक दिवस मी दरवाजा वाजला की दचकायचे. काही झालं नाही. पुढच्या पावसाळ्याच्या आत मोठ्या साहेबांची दुसरीकडे बदली झाली.

टीम मात्र बंद झाली. गृहपत्रिका निघाली तेव्हा त्या चार पानांत कारखान्यातल्या सुरक्षा सप्ताहाचे फोटो होते. माझे परिचय कुठे गेले, मला माहीत नाही. हाताने लिहिलेले कागद होते ते. शोधले नाहीत, याचं आता वाईट वाटतं. पांडबा काही वर्षांनी कोल्हापूरला परत गेला, तालमीतल्या पोरांना शिकवायला लागला, आणि तिथेच वारला. त्याच्या आईला मी एक परिचय वेगळा लिहून पाठवला होता. उपाशी नाही, असं त्यात होतं. हसुरामच्या घराला पुढे चांगले दिवस आले. त्याच्या दोन बिल्डिंगी आहेत नेरुळला, नातू इंग्रजी शाळेत जातात, आणि मी बाजारात भेटले की तो चप्पल काढून पाया पडतो, मी कितीही नको म्हटलं तरी. दामूने त्या कंपनीत तीस वर्षं काढली, निळ्याच खात्यात. दसऱ्याला मोऱ्याहून सुके बोंबील अजून येतात, कुणाच्या तरी हाताने, चिठ्ठीबिठ्ठी काही नसते.

सूनबाई आतून बाथरूमच्या फरशा बघून आली. मी अजून कठड्याशीच उभी होते. खाली तलावात निळं पाणी होतं, शेजारी दोन आया खुर्चीवर बसलेल्या. आणि मला ती संध्याकाळ आठवत होती, मुलांच्या हातात पत्रं पडल्यानंतरची.

मुलांनी मला ट्रकमध्ये घातलं होतं. टीम बंद झाल्याचं सगळ्यांना कळलेलं, तरी सगळे आले होते, मैदानाला एकदा भेटून यायला म्हणून. हसुराम अनवाणी. पांडबाने बॉल माझ्यासमोर मांडला. "ताई, आमच्यावर लई लिवलंत. आता एक मारा."

"साडीत?"

"मग काय झालं? बॉलला कुठं कळतंय."

गोलात दामू होता. मी कोल्हापुरी काढली, पदर खोचला आणि मारला. बॉल लोळत गेला. दामूने तो छातीशी घेतला, गुडघ्यात वाकून, अगदी मॅचमधल्यासारखा. पोरं ओरडली, "आरं दाम्या, म्याडम हायेत, सोड की एक." त्याने मानेनेच नाही म्हटलं. बॉल परत माझ्याकडे टाकला.

मी परत मारला. त्याने धरला. तिसरा धरला. चौथा बाहेर गेला. माझा अंगठा दुखायला लागला होता, केस सुटले होते, आणि मला इतकी चीड आणि इतकी मजा एकाच वेळी कधीच वाटली नव्हती. पांडबा कानाशी येऊन म्हणाला, "ताई, त्याच्या तोंडाकडं बघू नगासा. कोपऱ्याकडं बघा आन् पाय वाकडा ठेवा." पाचवा धरला. सहावा धरला. सूर्य पार खाडीपलीकडे गेला.

सातव्या वेळी मी कोपऱ्याकडे बघितलं, पाय वाकडा ठेवला, आणि जीव खाऊन मारला. दामूने झेप घेतली. पूर्ण लांब झाला तो, अंगाची दोरी करून, बोटांची टोकं बॉलला लागलेली मी पाहिली. आणि तरी तो गेला. बांबूच्या आतून, सुतळीच्या खालून, थेट मिठागराच्या पाण्यात जाऊन पडला.

दामू जमिनीवर पडूनच राहिला. मग हाताच्या कोपरावर उठला, माझ्याकडे बघितलं, आणि त्या सबंध वर्षात ऐकला नव्हता एवढ्या मोठ्या आवाजात म्हणाला, "गेला."

तो त्याने सोडला नव्हता.